बंदूक जुनी होते, बार जुना होत नाही

खंडेनवमीला घोडपदेव-फेरबंदरच्या गल्ल्यांतून चक्कर मारली, तर अजूनही एखाद्या लहानशा वर्कशॉपात लेथला झेंडूची माळ दिसते, पान्यांच्या जुडीवर हळद-कुंकू दिसते आणि ड्रिलिंग मशीनपुढे नारळ फुटलेला दिसतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा हीच पूजा खात्याखात्यांतून होत असे. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या, न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या. पण ज्या हत्याराने पोट भरले त्याला वर्षातून एकदा हात जोडायची रीत टिकून आहे. त्याच दिवशी या माणसांच्या कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत माळ्यावरून तलवार खाली येते, भाला येतो आणि कुठे कुठे आजोबांची ठासणीची बंदूकही येते. क्वचित एखाद्या जुन्या वाड्यात पणजोबांचे टोपीचे रिव्हॉल्व्हरही मखमलीतून बाहेर निघते.

या दोन पूजांमध्ये मला एक मोठा फरक दिसतो. लेथ पुजणाऱ्याला लेथ ठाऊक असतो. त्याचा चक कधी सैल होतो, बाही कुठे अडकते, चालू यंत्रात हात का घालायचा नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही. बंदूक पुजणाऱ्याला मात्र बहुधा एवढेच ठाऊक असते, की ती जुनी आहे. आणि जुनी आहे म्हणजे निकामी आहे, हे तो गृहीत धरतो. नळी पोराच्या हातात देतो, फोटो काढतो, घोडा ओढून "बघ, अजून चालतो" असे कौतुकाने म्हणतो. हे गृहीतकच घातक आहे, असे मला वाटते. काळ्या दारूच्या हत्याराची सुरक्षितता त्याच्या वयावर ठरत नाही. ते भरायचे कसे, उडवायचे कसे आणि रिकामे आहे हे ओळखायचे कसे, या ज्ञानावर ती ठरते. ते ज्ञान आपण जवळजवळ गमावले आहे, आणि ते परत मिळवणे हे शस्त्राचे वेड नसून साध्या शहाणपणाचे काम आहे.

हे घोडपदेवमधून लिहिण्याला एक औचित्यही आहे. आमच्या वस्तीच्या पूर्वेला, रे रोड स्टेशनच्या पलीकडे, दारूखाना आहे. नवख्या माणसाला या नावाचे हसू येते. पण ही दारू प्यायची नव्हे, ठासायची. शेजारी पावडर बंदर आहे, माझगावात गनपावडर लेन आहे. बारूद वस्तीपासून दूर, पाण्याच्या कडेला ठेवावी हा जुना शिरस्ता, आणि या नावांत त्याच्या खुणा राहिल्या आहेत. पुढे शहर पसरत त्या कडेपर्यंत गेले. दारूखान्यात बारुदीऐवजी जहाजे तोडण्याचा धंदा आला. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत २०१४ साली तिथेच मोडीत निघाली. नाव तेवढे राहिले, आणि त्यामागचे शास्त्र विसरले गेले.

ते शास्त्र इंग्रजांनी आणले असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, गडावरचा दारूखाना कसा असावा याच्या बारीकसारीक सूचना आहेत. तो राहत्या घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती झाडांचे दाट कुंपण असावे, दारू माचावर ठेवावी, ओल लागू देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून उन्हे द्यावीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या या राज्यकर्त्याला दारूची भीती होती, आणि ती भीती त्याने नियमात बसवली होती. आपली भीतीही गेली आणि नियमही गेला.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ओली झाली तर ती जळत नाही. पण कोरडी राहिली तर दीड-दोन शतकांनीही तिची ताकद टिकून असू शकते. २०१३च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एक शोभेची तोफ साफ करायला घेतली, तेव्हा तिच्यात दारू आणि गोळा दोन्ही भरलेले सापडले. ती अठराव्या शतकातल्या ब्रिटिश युद्धनौकेवरची तोफ होती. कित्येक वर्षे लोक तिच्याजवळून निर्धास्त वावरले होते. तिथे कोणाला इजा झाली नाही. २००८ साली व्हर्जिनियात मात्र अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातला एक तोफगोळा साफ करताना फुटला आणि त्यात एक जाणता, अनुभवी संग्राहक आपल्या घराच्या आवारातच मेला. गोळा सुमारे १४० वर्षांचा होता. बंदूक गंजते, लाकूड किडते, वारस मरतात. आत बसलेला बार वाट पाहत राहतो.

आता रिव्हॉल्व्हरकडे येऊ. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत आपल्या फिरत्या सिलिंडरच्या हत्याराचे पेटंट घेतले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि इंग्रज कारागीर रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे समोरासमोर आली, आणि १८५७च्या उठावात अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला अ‍ॅडम्सची हत्यारे होती. पितळी काडतूस रूढ होण्यापूर्वीची ही पिढी. तिच्यात काडतूस सरकवायचे नसते. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या पोकळ खुंटीवर, म्हणजे निपलवर, तांब्याची टोपी बसवायची. दिवाळीत पोरे टिकल्यांचे पिस्तूल उडवतात. तत्त्व तेच, फक्त टिकलीच्या पुढे खरी दारू असते.

युरोपात एका नेमबाजी मैदानावर मी ही रिव्हॉल्व्हरे भरताना आणि उडवताना पाहिली आहेत. तिथे हा रीतसर खेळ आहे. १९७१पासून त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतले कारखाने जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रतिकृती बनवत आहेत आणि बहुतेक हौशी मंडळी त्याच वापरतात. माझ्या लक्षात राहिली ती नेमबाजी नव्हे, भरणी. गोळी झाडायला क्षण लागतो. पाच घरे भरायला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत कोणी कोणाशी बोलत नाही. आमच्या वस्तीतला जुना फिटर ते पाहून खूष झाला असता.

त्या भरणीतल्या प्रत्येक नियमामागे एक कारण आहे, आणि कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही. आधी रिकाम्या घरांवर नुसत्या टोप्या उडवतात, म्हणजे निपलमधले तेल जळून वाट मोकळी होते. मग घोडा अर्धा चढवून सिलिंडर मोकळा फिरता करतात. दारू मोजून, एकेका बारापुरती वेगळ्या कुपीत आणलेली असते. मोठ्या दारूदाणीतून थेट घरात ओतायला सक्त मनाई असते. का? आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत राहिला, तर नुसती चिमूटभर दारू भडकण्याऐवजी हातातली अख्खी दारूदाणी स्फोट पावेल. गोळी घरापेक्षा किंचित मोठी घेतात, म्हणजे ठासताना शिशाचे बारीक कडे कापले जाते आणि घर बंद होते. गोळी दारूवर टेकेपर्यंत दाबतात, कारण दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर दाब भलताच वाढून नळी किंवा सिलिंडर फुटू शकतो. दारू थोडी असेल तर मधली जागा भरायला चक्क रवा घालतात, आपल्या शिऱ्याचा. गोळीवर ग्रीज थापतात किंवा खाली तेलकट चकती घालतात.

हे ग्रीज कशासाठी, तर एका घरातली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून, आणि नळीत साठणारी काजळी मऊ राहावी म्हणून. आग पसरली तर नळीसमोर नसलेली घरेही उडतात. चाळीत एका खोलीतला स्टोव्ह भडकला की मजला धोक्यात येतो, तसाच हा प्रकार. ही आग पुढून ठिणगीने लागते, तशी मागून सैल टोपीमुळेही लागू शकते. म्हणून टोपी निपलवर घट्ट बसणारी हवी. आणि म्हणूनच आधाराचा हात कधीही सिलिंडरच्या पुढे धरायचा नाही. टोपी सगळ्यांत शेवटी, तीही नळी निशाणाकडे वळवलेली असताना. सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, म्हणजे धक्का लागला तरी बार होणार नाही. टोपीचे तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी किमान मिनिटभर निशाणाकडेच धरून ठेवायची. उशिरा लागणारा बार हा फुसका बार समजणाऱ्याचाच घात करतो.

या सगळ्यांहून मोठा नियम एकच: काळ्या दारूच्या हत्यारात काळी दारूच. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू शोधली. ती थोड्या मापात कितीतरी अधिक दाब निर्माण करते. काळ्या दारूने सिलिंडरचे घर भरले तरी चांगल्या स्थितीतले हत्यार सहसा ते सोसते. तेच माप नव्या दारूचे घातले तर ते बॉम्ब होते. आणि १८५०च्या सुमाराचे अस्सल हत्यार असेल, तर त्याचे लोखंड मऊ आहे, त्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, सिलिंडर नळीशी नीट जुळत नसेल. कुशल बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय ते उडवायचेच नाही. खेळ संपला की शेवटचा धडा पाण्याचा. या दारूचा निम्म्याहून अधिक भाग राख-काजळीच्या रूपाने मागे राहतो आणि ती हवेतले पाणी ओढते. गरम साबणपाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावले नाही, तर मुंबईच्या पावसाळी हवेत एका रात्रीत गंज चढतो. उद्याची चीर आजच्या आळसातून येते.

ग्रीजवरून एक विषयांतर, पण विषयाला धरूनच. १८५७ साली ज्या चरबीवरून शिपायांचा विश्वास उडाला, ती एन्फील्डच्या काडतुसाला लावली होती ती भरणी सोपी व्हावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. शास्त्र बरोबर होते. पण ते ज्याच्या हातात द्यायचे त्याला विश्वासात न घेता, त्याची श्रद्धा न जाणता दिले गेले. तंत्र माणसाला समजावून द्यावे लागते. नुसता हुकूम सोडून भागत नाही. आज आपणही ठासणीच्या बंदुकीबाबत हेच करतो, फक्त दुसऱ्या टोकाने. बंदुकीला परवाना देतो, ज्ञान देत नाही.

कारण आपल्याकडे हा प्रश्न हौशी रिव्हॉल्व्हरांचा कमी आणि शेतकऱ्यांच्या बंदुकांचा अधिक आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या गावांत शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुक्कर भातात शिरते, माकडे नारळ-सुपारीचा सत्यानाश करतात. त्यांना हाकलायला हे हत्यार. घोडपदेव, लालबाग, परळ इथल्या चाकरमान्यांपैकी अनेकांच्या गावच्या घरात ते आहे. बंदूक वडिलांच्या नावावर असते, वडील थकलेले असतात, मुलगा मुंबईत असतो, आणि गणपतीला घर भरले की पोरांना ती कोपऱ्यातली बंदूक दिसते. संध्याकाळी डुकरासाठी भरली, डुक्कर आले नाही, तशीच भिंतीला टेकवून ठेवली, हे घडते. ठासणीच्या बंदुकीतून काडतूस झटकन काढून टाकता येत नाही, हीच तिची अडचण. जत्रेत उखळी बार उडवतानाही तोच निष्काळजीपणा असतो: न मोजलेली दारू, ओल्या हाताने ठासणे आणि भोवती पोरांचे कोंडाळे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या शहराने १९९३चे बॉम्बस्फोट पाहिले, ज्याच्या गुन्हेगारी बोलीत 'घोडा' म्हणजे पिस्तूल, त्या शहरात हत्यारे भरण्याचे शिक्षण द्यायचे? भायखळा-घोडपदेव पट्ट्याने टोळ्यांचे दिवस जवळून पाहिले आहेत. गोळीचा आवाज म्हणजे काय हे इथल्या आयांना कोणी सांगायला नको. पण मला सांगा, भर रस्त्यात सुपारी घेऊन खून करणारा कुणी टोपीचे रिव्हॉल्व्हर पाच मिनिटे भरत बसणार आहे काय? त्याच्याकडे आधुनिक हत्यार असते. काळ्या दारूचे अज्ञान गुन्हेगाराला रोखत नाही. ते घरातल्या माणसाचा, पाहुण्या पोराचा आणि नातवाचा जीव घेते. शिवाय मी घरोघर बंदुका असाव्यात असे म्हणत नाही. ज्या आहेत, त्यांच्याविषयी बोलतो आहे.

कायद्याविषयीही मोठा गैरसमज आहे. "पुराणवस्तू आहे, तिला परवाना कशाला?" असे सर्रास म्हटले जाते. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५व्या कलमात जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे खरी. पण दुरुस्ती करून किंवा न करताही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच हत्याराला. नुसते वय पुरत नाही. निपल साफ केले की उडू शकेल असे रिव्हॉल्व्हर कायद्याच्या दृष्टीने बंदूकच आहे. दारू बाळगणे हाही कायद्याने नियंत्रित विषय आहे. वारशाने आलेले असे हत्यार घरात असेल, तर ते लपवण्यात शहाणपण नाही.

मग करावे काय? माझ्या तीन सूचना आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. त्यात ठासणीच्या हत्यारांचा स्वतंत्र धडा मराठीत हवा, चित्रांसह, आणि तो परवानाधारकाइतकाच त्याच्या घरातल्यांसाठीही हवा. दुसरे, निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात; शेतकरी त्यावर चरफडतात, कारण डुक्कर आचारसंहिता पाळत नाही. बंदुका एका छपराखाली येतातच, तर जाणकार कारागिराकडून तेव्हा प्रत्येक नळी, घोडा आणि निपल तपासून द्यावे. परवाना आता पाच वर्षांसाठी असतो. नूतनीकरणाच्या वेळी तरी एकदा तपासणी व्हावी. तिसरे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर अंजली भागवत यांच्यासारखे नेमबाज घडले. अशा संस्थांनी काळ्या दारूची शिस्त हा खेळाचा एक लहानसा विभाग म्हणून, कायद्याच्या चौकटीत, जाणत्या माणसांच्या हाती सुरू करावा. ज्ञान जिवंत राहायला ते कुठेतरी रोज वापरात असावे लागते.

तोवर घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट शिकून ठेवावी. कोणतीही ठासणीची बंदूक हातात आली की ती भरलेली आहे असेच समजावे. नळी माणसाकडे नको, चापावर बोट नको, निपलवर टोपी तर नाहीच. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, स्वतः बाजूला राहून, लाकडी दांडा नळीत हलकेच सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तो बाहेरून नळीशी लावून पाहावा. खूण तोंडाशी धरल्यावर दांड्याचे टोक निपलच्या जागेपर्यंत पोहोचले तर बंदूक रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. रिव्हॉल्व्हर असेल तर समोरून डोकावण्याचा मोह टाळावा. शंका आली की ठोकाठोकी नको, खरवडणे नको, घोडा ओढून पाहणे तर मुळीच नको. पोरांना खोलीबाहेर काढावे आणि पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक कारागिराला बोलवावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गिरणीत यंत्र अडले की मेन स्विच बंद करून फिटरला हाक मारणारा कामगार भित्रा ठरत नसे. उलट तोच बोटे शाबूत ठेवून निवृत्त होत असे.